सव्वादहाची बैठक

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर टीमची मी ११ वर्षं लीड आहे. रोज सकाळी सव्वादहाला आमचा १५ मिनिटांचा स्टँडअप असतो. या वर्षांत टीममध्ये बरीच माणसं नव्याने आली. त्यांतल्या काहींना आम्ही पहिल्याच आठवड्यात गप्प करून टाकलं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून जे पाळत आले, ते लिहिते आहे.

१. जुन्यांनी आधी बोलावं.

पूर्वी मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी म्हणायचे, "चल, तुझी ओळख करून दे." अनोळखी चेहऱ्यांसमोर नाव, गाव, कॉलेज, छंद सांगून तो खाली बसायचा. आमच्यापैकी कोण काय करतं, हे मात्र त्याला कुणीच सांगितलेलं नसायचं.

माझी वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली, त्याबद्दल तिने मला सांगितलं. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं आहे ना, याची त्यात खात्री करून घेतात. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही चुकताना दिसलं तर बोलतो, असा तिचा अनुभव. आम्ही तेच उचललं. आता प्रत्येक जण नाव सांगतो आणि एक वाक्य जोडतो : "पेमेंटचं काही अडलं तर माझ्याकडे ये." नवा माणूस सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याने नुसतं नाव सांगितलं तरी पुरे.

२. "काही अडचण?" याचं उत्तर "नाही" असंच येतं.

नांदेडहून आलेली एक मुलगी, कॅम्पसमधून निवडलेली, पहिलीच नोकरी. रोज तिची पाळी आली की म्हणायची, "कालचंच टिकेट चालू आहे, ब्लॉकर नाही." आम्ही पुढे सरकायचो. शुक्रवारी संध्याकाळी मजला रिकामा झाला होता आणि ती एकटीच बसलेली दिसली, म्हणून मी थांबले. तिच्या स्क्रीनवर सोमवारपासून एकच एरर होती. तिला डेटाबेसचा ॲक्सेसच मिळाला नव्हता.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मॅडम, मला वाटलं मलाच येत नाहीये."

पाच दिवस ती रोज आमच्यासमोर उभी होती, आणि आम्ही रोज तिला विचारत होतो.

काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे तीन प्रश्न आयटीत सगळ्यांना पाठ असतात. स्क्रम या कार्यपद्धतीच्या 'स्क्रम गाइड'मध्येही ते होते, पण २०२०च्या आवृत्तीत ते काढून टाकले. नव्या माणसाला तर ती तोंडी परीक्षाच वाटते. आता मी विचारते, "काल संध्याकाळी कुठे थांबलीस?" रोज सगळेच कुठे ना कुठे थांबतात, त्यामुळे हे सांगताना कमीपणा वाटत नाही. याहून जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या एका नियमाचा. टीममधल्या सर्वांत अनुभवी माणसाने स्वतःचं अडलेलं काम सर्वांत आधी सांगायचं. १५ वर्षं जावा लिहिणारा माणूस "कालपासून मला हे उमगत नाहीये" म्हणाला, की नव्याची भीड चेपते.

३. हाक कशी मारायची ते नव्या माणसावर सोडा.

त्या मुलीला मी सगळ्यांदेखत तीनदा म्हटलं होतं, "मॅडम नको, नावाने बोल." परिणाम असा झाला की तिने मला हाक मारणंच बंद केलं. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची सवय घरातून येते, ती एका बैठकीत लागत नाही.

४. बैठक सुरू असेपर्यंत सगळ्यांना कळेल तीच भाषा.

आम्ही पुण्यातली माणसं बोलता बोलता मराठीत शिरतो. कोइम्बतूरहून आलेला एक सहकारी दोन महिने हे ऐकत राहिला. पुढे एकदा टपरीवर चहा घेताना म्हणाला, "तुम्ही मराठीत बोलून हसलात की मला वाटायचं, माझ्याच कोडबद्दल चाललंय." माझं मराठीवर प्रेम आहे, म्हणूनच ती कुणाला दारासारखी बंद वाटावी हे मला सहन होत नाही. आज तो कँटीनमध्ये आमच्याकडून मराठी शिकतो, तेही स्वतःच्या हौसेने.

५. एक माणूस वाढला की सगळ्यांचंच काम वाढतं.

आठ जणांत बोलाचालीच्या जोड्या २८ होतात. नववा आला की ३६. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आधीच रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, हे त्याचं एक मोठं कारण. तरीही वरिष्ठ पहिल्याच स्प्रिंटमध्ये जास्त कामाची अपेक्षा धरतात आणि त्याचा ताण सकाळच्या बैठकीत नव्यावर निघतो. मी पहिले दोन स्प्रिंट संपूर्ण टीमचं काम कमी धरते. यावरून वरिष्ठांशी वाद होतात, आणि मी ते घालते.

६. "हे असं का?" हा प्रश्न लगेच बोर्डावर लिहा.

जुन्यांना खटकायचं बंद झालेलं नव्याला दिसतं, पण महिना-दोन महिन्यांत त्याचीही नजर सरावते. त्याच मुलीने विचारलं होतं, रात्रीचा रिपोर्ट रोज कुणीतरी हाताने का चालवतं? खरं कारण कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्या स्प्रिंटमध्ये ते काम आपोआप होऊ लागलं, आणि बैठकीत ते आम्ही तिच्या नावासकट सांगितलं. त्यानंतर तिची पाळी कधी एका वाक्यात संपली नाही.

७. स्वागताची तयारी आदल्या दिवसाची.

लॅपटॉप, व्हीपीएन, डेटाबेस, बोर्ड. यातलं एक जरी नसलं, तर बैठकीत सांगण्यासारखं नव्या माणसाकडे काही नसतं. सोमवारी तुमच्याकडे कुणी रुजू होणार असेल, तर त्याच्या ॲक्सेसची रिक्वेस्ट आज घरी जाण्यापूर्वी टाका.