वादळात पडलेली झाडे, पावसाळ्याचे सरपण आणि साखळी-करवत

कोकणपट्टीतील शेतकऱ्याच्या घरी गॅसची शेगडी आली, तरी न्हाणीची चूल विझलेली नाही. अंघोळीचे पाणी तापविणे, भात उकडणे, गुरांचे आंबोण शिजविणे यांसाठी लाकूडफाटा लागतोच. आणि अगोटीच्या दिवसांत मीठमिरचीच्या बरोबरीने सरपणाचीही बेगमी करावी लागते. एरवी हे सरपण काजू-आंब्याच्या छाटणीतून, कुंपणाच्या फाट्यांतून, झावळ्या व करवंट्यांतून थोडेथोडे जमते. परंतु दि. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील आंबा, नारळ, सुपारी व काजूच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले. अशा प्रसंगी सरपणाची उणीव नसते. अंगणात, वाटेवर आणि कौलांवर पडलेले लाकूड लवकरात लवकर कसे तोडावे, हाच प्रश्न असतो.

कुऱ्हाडीने ज्या कामास आठवडा लागेल ते काम साखळी-करवत एका दिवसात उरकते. म्हणून हे यंत्र, ज्यास गावोगाव 'कटर मशीन' किंवा 'चेन सॉ' म्हणतात, आता पुष्कळ वाड्यांतून दिसू लागले आहे. त्याची किंमत विचारली जाते, वजन विचारले जाते. पण त्याच्या साखळीस धार कशी लावावी हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः या यंत्रापासून होणाऱ्या इजांचा विचार करता, धार हाच पहिला विषय होय. बोथट साखळी लाकडात आपणहून शिरत नाही. मग माणूस यंत्र दाबतो, त्यावर वजन टाकतो, दमतो, आणि लाकूड एकाएकी तुटले की तोल पुढे जातो.

करवत चालविण्यापूर्वी

पडलेल्या झाडाकडे धाव घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली विजेची तार. झाडाखाली वा फांद्यांत तार अडकलेली असल्यास तीत वीज नाही असे कधीही गृहीत धरू नये. वीजमंडळीचा माणूस येऊन पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत त्या झाडास हात लावू नये. दुसरी गोष्ट पंचनाम्याची. नुकसानीचा पंचनामा होण्यापूर्वी झाडे तोडून हलविल्यास मोजणीच्या वेळी दाखविण्यास काही उरत नाही. वाट मोकळी करणे निकडीचे असेल तर निदान छायाचित्रे घ्यावीत व बुंधे जागेवर ठेवावेत.

उभे झाड सरपणासाठी तोडावयाचे असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याचे स्मरण ठेवावे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, ऐन, किंजळ ही झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी त्यांच्या तोडीस परवानगी लागते. किनाऱ्यावरील सुरूचे बन बहुधा वनखात्याचे असते. तेथील पडलेले झाडही बेवारस नव्हे.

सर्वच पडलेली झाडे सरपणाच्या लायकीची नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. आंब्याचे वा काजूचे तरुण कलम कलले असून त्याची निम्मीशिम्मी मुळे जमिनीत असतील, तर फांद्या छाटून भार हलका करावा, कलम हळूहळू उभे करून आधार द्यावा, मुळांवर माती चढवावी आणि छाटाच्या जागी बोर्डो मलम लावावे. करवत हाती आली की दिसेल ते कापण्याचा मोह होतो. पंधरा वर्षांचे कलम चार दिवसांच्या सरपणासाठी घालविणे परवडणारे नाही.

पडलेल्या लाकडातील ताण

आडवे पडलेले झाड निरुपद्रवी दिसते, पण ते उभ्या झाडाहून अधिक फसवे असते. उभे झाड कोणत्या बाजूस जाईल याचा अंदाज त्याच्या झुकावावरून बांधता येतो. पडलेल्या झाडाचा भार मात्र कोठे बांधावर, कोठे दुसऱ्या झाडावर, कोठे स्वतःच्याच फांद्यांवर तोललेला असतो, व वाकविलेल्या धनुष्याप्रमाणे लाकडात जोर साठलेला असतो. कापण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारून, कोणती बाजू दबलेली आहे व कोणती ताणलेली, हे ठरवावे.

समजा खोड दोन्ही टोकांना टेकलेले असून मध्ये अधांतरी आहे. अशा खोडाची वरची बाजू दबलेली व खालची ताणलेली असते. येथे वरून सबंध काप घेतल्यास काप मिटतो व करवतीची पट्टी त्यात आवळली जाते. म्हणून प्रथम वरून जाडीच्या सुमारे एक तृतीयांश कापावे आणि उरलेला काप खालून वर आणावा. याउलट, खोडाचे एकच टोक टेकलेले व दुसरे लोंबत असल्यास वरची बाजू ताणलेली असते. तेथे आधी खालून एक तृतीयांश कापून मग वरून पुरे करावे, नाहीतर खोड उभे चिरत जाते व तुटलेला भाग अंगावर येतो. जाड ओंडक्यात काप मिटू लागल्यास त्यात लाकडाची वा प्लॅस्टिकची पाचर बसवावी. लोखंडी पाचरीस साखळी लागली तर दाते तुटून उडतात.

ज्या बाजूस लाकूड उसळण्याचा संभव आहे त्या बाजूस उभे राहू नये. उतारावर काम करताना नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगास राहावे. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा मातीसह गड्डा पुन्हा खड्ड्यात बसतो, आणि कधीकधी तो एका क्षणात बसतो. त्या खड्ड्यात मुले खेळतात, शेळ्या उतरतात. काप घेण्यापूर्वी खड्डा रिकामा असल्याची स्वतः पाहून खात्री करावी. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. दुसऱ्या झाडावर अडकून राहिलेले झाड माहीतगार माणसाशिवाय काढू नये. त्याच्या खालून ये-जा बंद ठेवावी.

यंत्राची उसळी व हाताळणी

साखळी-करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास किंवा दडलेल्या फांदीस लागला की यंत्र उसळी घेऊन चालविणाऱ्याच्या तोंडाकडे व खांद्याकडे येते. ही उसळी इतकी जलद असते की माणसास हात आवरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून टोकाने कधीही कापू नये. डाव्या हाताचा अंगठा पुढील मुठीभोवती पुरता वळवून धरावा आणि दोन्ही हातांची पकड सोडू नये. खांद्याच्या वर यंत्र उचलून, शिडीवर उभे राहून किंवा माडावर चढून करवत चालविणे अजिबात वर्ज्य समजावे.

यंत्र सुरू करताना ते सपाट जमिनीवर ठेवून, चेन ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजव्या पायाचे पाऊल घालून दोरी ओढावी. हातात लोंबकळते धरून दोरी ओढण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती ऐटबाज खरी, पण मांडीवर बेतणारी आहे. कामापूर्वी दररोज चेन ब्रेक चालतो की नाही हे पाहावे, तसेच गती उतरविली असता साखळी फिरायची थांबते का, तेही पाहावे. लुंगी, टॉवेल, सैल सदरा अंगावर नसावा. डोळ्यांवर जाळी वा चष्मा, कानांवर आच्छादन, डोक्यावर हेल्मेट, पायांत जाड बूट व मांड्यांवर साखळीरोधक आवरण असावे. यांतील काही वस्तू महाग वाटल्या तर गटाने मिळून एक संच घ्यावा. एकट्याने काम करू नये. मात्र सोबती कापणाऱ्याच्या जवळही उभा नसावा. उभे झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणी नसावे.

धार व दैनंदिन निगा

साखळीची धार भुशावरून ओळखावी. धारदार साखळी जाड, लांबट चुऱ्या बाहेर टाकते. बोथट झालेली पिठासारखा भुसा टाकते व धूर काढते. साखळीच्या मापाप्रमाणे ४ वा ४.८ मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जाड गोल कानस लागते. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. पट्टी घट्ट आवळून, कानस बहुधा ३० अंशांच्या कलाने, आतून बाहेर अशी एकाच दिशेने ढकलावी. मागे ओढताना ती दात्यावर घासू नये. सर्वांत झिजलेला दाता आधी घासून इतर दाते त्याच्याइतके करावेत, व प्रत्येक दात्यास सारखेच हात द्यावेत, अन्यथा काप एका अंगास वळतो. दात्यापुढील लहान उंचवटा दात्याहून सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असतो. चार-पाच वेळा धार लावल्यानंतर तोही सपाट कानशीने बेताने उतरवावा. घाई करून तो फार खाली नेल्यास यंत्र लाकडास हिसके देऊ लागते व उसळीचा धोका वाढतो.

नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर अतिशय कठीण असल्याने साखळी लवकर बोथट होते, व वादळात वाळू-चिखल माखलेले खोड तर एका कापातच धार घालविते. अशी खोडे प्रथम खरवडून किंवा धुऊन घ्यावीत व कापता कापता साखळी जमिनीस लागू देऊ नये.

साखळीचा ताण यंत्र थंड असताना पाहावा. साखळी पट्टीच्या खालच्या कडेस चिकटलेली असावी, तरीही हातमोजा घालून ओढली असता सहज सरकावी. नवी साखळी लवकर सैल होते, म्हणून पहिल्या दिवशी ती वरचेवर तपासावी. पट्टीचे तेल वेगळे व इंधनात मिसळावयाचे तेल वेगळे. ५० भाग पेट्रोलास एक भाग तेल हे प्रमाण असल्यास लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल पुरे. २५ भागांस एक असल्यास ४० मिलिलिटर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. कोकणातील पावसाळी हवेत मिश्रण महिनाभर ठेवून वापरणे यंत्रास बाधते. लागेल तेवढेच मिश्रण करावे, आणि आपल्या यंत्रास किती टक्के इथेनॉल चालते ते पुस्तिकेत पाहावे. कित्येक यंत्रांस दहा टक्क्यांचीच मर्यादा असते. काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र ठेवावे. इंधन भरताना यंत्र निवू द्यावे, विडी दूर ठेवावी, व जेथे भरले तेथून चार पावले सरकून सुरू करावे. एअर फिल्टर रोज झटकावा, पट्टीची खाच तारेने साफ करावी व पट्टी अधूनमधून उलटवून बसवावी, म्हणजे ती दोन्ही कडांनी सारखी झिजते.

तोडलेल्या लाकडाची व्यवस्था

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले असता बरीचशी उष्णता पाणी उडविण्यातच जाते, व घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत धूर जातो. ओंडके हातभर लांबीचे करून फोडावेत. फोडलेले लाकूड सालासह ठेवलेल्या ओंडक्याहून फार लवकर वाळते. दगडांवर आडव्या दांड्या टाकून त्यांवर रास रचावी, वरून आच्छादावे, पण बाजू वाऱ्यास मोकळ्या ठेवाव्यात. जूनमध्ये पडलेले झाड त्याच पावसाळ्यात वाळेल अशी आशा धरू नये. ते पुढील वर्षाचे सरपण समजावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला व टोकांना चिरा दिसल्या, म्हणजे लाकूड वाळले. सुरूचे लाकूड थोडे ओले असतानाही बरे जळते. आंबा हलका जळतो. बाभूळ टिकून निखारा देते. बिब्ब्याचे लाकूड सरपणात घेऊच नये. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, व करवतीचा भुसा तो चीक कपड्यांत नेतो.

नारळाची खोडे सरपणास फारशी उपयोगी नाहीत, म्हणून ती बागेतच कुजत पडतात. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तेथे वाढलेले भुंगे उभ्या माडांचे कोंब पोखरतात. आंब्याचे मोडके बुंधे असेच खोडकिड्यास आसरा देतात. तेव्हा सरपण काढून झाल्यावर उरलेली खोडे बागेबाहेर न्यावीत. कठीण भागाचे खांब वा साकव करावेत, व मऊ गाभा चिरून उन्हात वाळवून जाळावा. ग्रामकार्यकर्त्यांनी वादळानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात वाडीवार फिरून अशी खोडे मोजून ठेवावीत आणि ज्या बागायतदारांकडे माणसे वा यंत्र नाही त्यांची नावे गटाकडे द्यावीत.