तुळशीचा पाला उन्हांत वाळवावा काय?

कडक उन्हांत पाला लवकर वाळतो हें खरें. परंतु तुळशीचा वास व पुष्कळसा गुण ज्या तेलांत आहे, तें उडून जाणारें आहे. युजेनॉल हें त्यांतील एक मुख्य द्रव्य होय. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून तें उष्णतेनें निघून जातें, आणि वास गेलेल्या पाल्यास औषधासाठीं कोणी चांगला भाव देत नाहीं. याकरितां पाला हवेशीर सावलींत पातळ पसरून रोज उलथावा. थर जाड ठेवल्यास बुरशी धरते. यंत्रानें वाळविल्यास उष्णता ४० अंश सेंटिग्रेडच्या वर नेऊं नये. अश्वगंधेच्या मुळांतील द्रव्यें मात्र अशीं उडत नाहींत. तीं मुळें तुकडे करून उन्हांत वाळविलीं तरी चालतें. गुण कशांत आहे तें पाहूनच वाळवणाची रीत ठरवावी, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.