पाषाणांत दिसलेलें मुख

मुंबईहून पुण्यास जातांना बोरघाटांत, खंडाळ्याजवळ, एक उंच सुळका दृष्टीस पडतो. आपल्या लोकांस त्यांत फणा काढलेला नाग दिसला, म्हणून ते त्यास नागफणी म्हणतात. इंग्रजांस त्याच सुळक्यांत वेलिंग्टनच्या ड्यूकचें बांकदार नाक दिसलें, म्हणून त्यांनीं त्यास 'ड्यूक्स नोज' हें नांव दिलें. दगड एकच, पाहणारे मात्र निरनिराळे. मग आकृति असते ती कोठें? दगडांत, कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही वाचकांस दूर अमेरिकेंत नेऊं इच्छितों.

तेथील न्यू हॅम्पशर या संस्थानांत फ्रँकोनिया नांवाची एक खिंड आहे. खिंडींतील रस्त्यावरून वर पाहिलें असतां कॅनन पर्वताच्या कड्यावर एका वृद्धाचें मुख एका बाजूनें दिसत असे. कपाळ, नाक, ओंठ, हनुवटी, सर्व कांहीं स्पष्ट होतें. लोक त्यास 'डोंगरांतील म्हातारा' म्हणत. खालच्या सरोवरापासून तें सुमारें १,२०० फूट उंचीवर असून त्याची स्वतःची उंची सुमारें ४० फूट होती. १८०५ सालीं रस्त्याच्या मोजणीस आलेल्या लोकांनीं तें पाहिल्याची नोंद आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्न याची त्यावरील कथा १८५० मध्यें प्रसिद्ध झाली, आणि १९४५ मध्यें संस्थानानें त्यास आपलें अधिकृत चिन्ह ठरविलें.

हें मुख कोणा शिल्पकारानें घडविलें नव्हतें. ग्रॅनाइट खडकाचे पांच थर एकावर एक पुढें आलेले होते, इतकेंच. भेगांत शिरलेलें पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें अकराव्या हिश्शानें वाढतें, व तें पाचरीप्रमाणें खडक फोडतें. याच रीतीनें निरुपयोगी शिळा गळून पडल्या आणि मुख तेवढें उरलें. परंतु घडविणारें पाणी आपलें काम संपलें म्हणून थांबलें नाहीं.

कपाळाची शिळा घसरूं लागल्याचें पाहून १९१६ मध्यें ती लोखंडी सळ्यांनीं जखडण्यांत आली. १९५८ मध्यें आणखी सळ्या बसवून भेगा सिमेंटानें बुजविल्या, व पावसाचें पाणी बाजूस जावें म्हणून पन्हळ बांधली. पुढें रखवालदार दर उन्हाळ्यांत दोरानें कड्यावरून उतरून भेगा तपाशीत. इतकें करूनही ३ मे २००३ रोजीं तें मुख कोसळलें. सकाळीं ढग विरले तेव्हां कडा रिकामा होता. एखादा आप्त वारावा त्याप्रमाणें लोकांनीं पायथ्याशीं फुलें आणून ठेविलीं.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. हें मुख खिंडींतील ठराविक जागेवरूनच दिसे. तेथून दूर सरकलें कीं नुसते ओबडधोबड दगड दिसत. म्हणून २०११ मध्यें सरोवराकांठीं जें स्मारक झालें, त्यांत मूर्ति नाहीं. तेथें पोलादी दांडे उभारले असून त्यांच्या टोकांस कंगोरे आहेत. पाहणाऱ्यानें आपल्या उंचीप्रमाणें नेमून दिलेल्या जागीं उभें राहून वर पाहिलें, म्हणजे कंगोऱ्यांची रेषा कड्यास मिळते व म्हातारा पुन्हां पूर्वस्थळीं दिसतो. आकृतीस दगड हवा, तशी पाहणाऱ्यास योग्य जागाही हवी, हेंच आमच्या प्रश्नाचें उत्तर होय.

तेव्हां पुढील सुटींत नागफणी पाहाल, त्या वेळीं आपण कोठें उभे आहों हें आधीं लक्षांत घ्या. मग दहा पावलें सरकून पुन्हां पाहा. शेजाऱ्यास तेथें निराळें कांहीं दिसलें, तर त्यास हंसण्यापूर्वीं त्याच्या जागीं उभे राहून पाहा. आणि जें प्रिय आहे तें आहे तोंवर नीट पाहून घ्या. कारण पाणी थांबत नाहीं.