कामाची वाटणी : सहप्रक्रियक आणि तीन आज्ञा

श्रमविभागणीचे तत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस नवे नाही. अॅडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन ते समजावले. संगणकातही हेच तत्त्व राबते. तेथे ही वाटणी कोणाच्या आज्ञेने होते, हे येथे थोडक्यात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

मुख्य प्रक्रियकाच्या मदतीला संगणकात कधीकधी सहप्रक्रियक असतो. इंटेलने १९८० साली ८०८७ ही चिप खास दशांश-अपूर्णांकांच्या गणितासाठी काढली. २०१२ साली आलेले झिऑन फाय हे त्याच कुळातले. त्याच्या ५११०पी या कार्डावर ६० कोअर व ८ गिगाबाइट स्मृती होती. पुण्याच्या सी-डॅकने २०१३ साली सिद्ध केलेल्या 'परम युवा २' या महासंगणकात ही कार्डे बसविली होती. या मालिकेचे उत्पादन पुढे बंद झाले; पण तिच्यासाठी केलेली आज्ञांची योजना अभ्यासण्याजोगी आहे.

आज्ञावलीतील जड हिशेब सहप्रक्रियकाकडे धाडणे, याला 'ऑफलोड' म्हणतात. कोणता भाग धाडावयाचा, याची खूण आज्ञावली लिहिणारा करतो. त्या खुणेचे काय करावयाचे, हे मात्र कंपायलरला, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला, वेगळ्या पर्यायाने सांगता येते.

लग्नघराचे उदाहरण घेऊ. पुऱ्या लाटण्याचे काम शेजारच्या वाड्यात दिले, तर कणीक तिकडे न्यावी लागते आणि पुऱ्या इकडे आणाव्या लागतात. दहा पुऱ्यांसाठी हा खटाटोप परवडत नाही, हजारांसाठी परवडतो. संगणकातही आकडे नेण्याआणण्यात वेळ जातो. आता वाड्याला कुलूप असले तर? यजमान आचाऱ्याला तीन प्रकारे बजावू शकतो : शेजारी काही पाठवूच नका, कुलूप असल्यास घरीच लाटा, किंवा, कुलूप असल्यास थांबा आणि मला सांगा.

इंटेलच्या कंपायलरमध्ये 'क्यूऑफलोड' या पर्यायाच्या नेमक्या याच तीन किमती होत्या : 'नन', 'ऑप्शनल' आणि 'मँडेटरी'. पुढे ओपनएमपी या प्रमाणपद्धतीच्या ५.० आवृत्तीत, २०१८ साली, अशीच त्रिविध निवड आली. फरक इतकाच की ती आज्ञावली चालविताना करावयाची असते. जीसीसी कंपायलरमध्येही 'एफऑफलोड' या पर्यायाने सहप्रक्रियकासाठीचे रूपांतर बंद ठेवता येते.

माझ्या मते खरा विचार करावा लागतो तो दुसऱ्या आज्ञेबाबत. ती सोयीची आहे; सहप्रक्रियक नसला तरी काम अडत नाही. परंतु उत्तर बरोबर येते, फक्त उशिरा येते, आणि काम कोणी केले हे त्या उत्तरावरून कळत नाही. अशा वेळी मोजलेला वेग 'सहप्रक्रियकाचा' म्हणून नोंदला, तर ती नोंद खोटी ठरते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून वेग मोजावयाचा असेल तर तिसरी आज्ञा द्यावी. केवळ निकाल हवा असेल तर दुसरी चालेल. उत्तराविषयी शंका आली तर पहिली देऊन सारा हिशेब मुख्य प्रक्रियकावर करून पाहावा आणि दोन्ही उत्तरे ताडावीत. शेवटच्या एकदोन अंकांत फरक पडला तर दचकू नये. पूर्णांकनाच्या भिन्न रीतींमुळे तो पडू शकतो. मोठा फरक दिसला, तर मात्र दोष शोधलाच पाहिजे.

काम दुसऱ्याकडे सोपविणे सोपे आहे. ते तेथे झाले की नाही, याची खात्री करून घेणे हीदेखील सोपविणाऱ्याचीच जबाबदारी होय.