परतीचे विमान आधी, कॅमेरा नंतर

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत अंदमानची सहल आता नवलाईची राहिलेली नाही. हैदराबादहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान जाते. (2024 पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम आहे, पण बोलण्यात अजून जुनेच नाव येते.) माझे पाण्याखालचे फोटो पाहून लोक घरी येतात. पाठीवर कल्ल्यांचा तुरा मिरवणाऱ्या, नखाएवढ्या समुद्री गोगलगायी त्यांना फार आवडतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा कोणता घ्यायचा? मी उलट विचारते, परतीचे विमान किती वाजताचे आहे आणि त्याआधीची शेवटची डाइव्ह कधी आहे? ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. पण हा प्रश्न माझ्या मावसभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या दुखण्यातून आलेला आहे आणि मी तो विचारायचे सोडणार नाही.

आमच्या घरातली काही मंडळी मिळून अंदमानला गेलो होतो. सगळी आखणी एका सहल कंपनीची. पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप म्हणजे जुने हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे नील, आणि परत. प्रत्येक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ठासून भरलेला. मध्येच वारा वाढला आणि एका दिवसाच्या फेऱ्या रद्द झाल्या. दादाच्या दोन डाइव्ह त्यात गेल्या. त्याने ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिल्या पायरीचा, कोर्स रीतसर केलेला होता, पैसे भरलेले होते. कंपनीच्या माणसाने तोडगा काढला : निघायच्या दिवशी पहाटे त्या दोन्ही डाइव्ह करून घ्या, मग बोटीने पोर्ट ब्लेअर, दुपारी विमान. डाइव्ह करवणाऱ्यांनीही मान डोलावली, फार खोल जाणार नाही म्हणाले. मला सर्दी होती, कान मोकळे होत नव्हते, म्हणून मी किनाऱ्यावरच थांबले.

संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. रात्री दादाचा उजवा खांदा दुखू लागला. दुखणे खोलवरचे, दाबून पाहिले तरी नेमकी जागा सापडेना. बोटांना मुंग्या येत होत्या आणि थकवा असा की ताटावर बसवेना. जवळच्या दवाखान्यात सामान उचलल्याने स्नायू धरला असेल म्हणून गोळ्या मिळाल्या. समुद्राचा विषय तिथे निघालाच नाही. सकाळी मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. तेव्हा डायव्हिंग शिकवणाऱ्या एका परिचितांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, शेवटची डाइव्ह कधी आणि विमान कधी, आणि ताबडतोब रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन सुरू करायला सांगितले. पुढे दाबकक्षात, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरमध्ये, उपचार झाले. दादा बरा झाला. पण बोटांची बधिरता जायला बरेच दिवस लागले आणि तो हाताने लिहून पोट भरणारा माणूस आहे.

हे का घडते ते समजून घेतले की नियम पाठ करावे लागत नाहीत. पाण्यात दर 10 मीटरला हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब अंगावर चढतो. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर. तिथे दाब जमिनीवरच्या जवळजवळ पावणेतीनपट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. तेवढ्यात आपण विमानात बसलो तर बाहेरचा दाब अचानक घटतो. विमानाच्या आतला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर आहे, म्हणजे शरीराच्या हिशेबाने आपण कळसूबाईच्याही वर गेलो. सोडा-बाटलीचे झाकण उघडल्यावर फसफस होते तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. ते सांध्यात, मज्जातंतूंत, कधी पाठीच्या कण्यात अडकतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. तिची शिफारस अशी : एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी निदान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान 18 तास, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे भाग पडेल अशा खोल डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ. मी सरसकट 24 तास धरते. हे आकडे सरासरी निरोगी माणसासाठी आहेत, आपल्याला हमी म्हणून दिलेले नाहीत.

आपल्याकडच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंचीचा हा विचार 600 मीटरपासूनच करायला सांगतात. सकाळी मालवणात डाइव्ह करायची आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे गाडी वर काढायची, हा कार्यक्रम कितीतरी लोक सर्रास करतात. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. मालवणजवळच्या तारकर्लीला एक मुक्काम वाढवा, किनाऱ्यावर मासळी-भात खा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढा.

म्हणून अंदमानची आखणी शेवटाकडून सुरू करावी. विमानाची वेळ लिहा. त्याआधीचा पूर्ण दिवस जमिनीवरचा ठेवा : सेल्युलर जेल, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बाजार. पाण्यात उतरायचेच असेल तर पृष्ठभागावर राहून स्नॉर्केलिंग चालते. त्याच्या आधी एक दिवस फक्त वाऱ्यासाठी आणि रद्द होणाऱ्या बोटींसाठी सोडा. बेटांवरून पोर्ट ब्लेअरला यायचे ते बहुतेक बोटीनेच, आणि समुद्र खवळला की बोट सुटत नाही. बोट न सुटल्याने वाया जाईल तो दिवस डाइव्हमधून वजा करायचा, मोकळ्या दिवसातून कधीच नाही. आमच्या सहलीत नेमके याच्या उलट झाले. नोव्हेंबर ते मे हा तिथला बरा काळ, त्यातही जानेवारीनंतरचे महिने समुद्र शांत असण्याचे. जून ते सप्टेंबर पावसाचे. स्वस्त मिळते म्हणून त्या दिवसांत जाऊ नये.

जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला कान दाखवा. दमा, रक्तदाब, हृदयाचे दुखणे असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचे मत घ्या. डाइव्ह केंद्राच्या छापील प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नका. प्रवासविम्याच्या कागदात स्कूबा वगळलेले तर नाही ना, हे शब्द वाचून पाहा, विकणाऱ्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आता फोटोंकडे येते. दादाच्या दुखण्यानंतर मी मॅक्रो, म्हणजे छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढणे, सोडले नाही, उलट त्याचे मोल मला जास्त कळले. छोट्या जिवांसाठी खोल जावे लागत नाही. हॅवलॉकच्या जेटीजवळ ‘द वॉल’ म्हणून जागा आहे. खडकाची ती भिंत खाली बरीच खोल जाते, पण समुद्री गोगलगायी, कोळंबी, चिमुकले खेकडे वरच्या भागातही भरपूर सापडतात. 8-10 मीटरवर एका दगडापाशी रमलात तर हवा जास्त पुरते आणि नायट्रोजनही कमी साठतो. मोठ्या माशांमागे धावणाऱ्याला ही सवलत नाही. धोका आहे तो वेगळाच. डोळा पडद्याला लागला की वेळ, खोली, सिलिंडरमधली हवा आणि बडी म्हणजे सोबतचा डायव्हर, या चारही गोष्टी मनातून पुसल्या जातात. मी दोन-तीन फोटोंनंतर मान वर करून हवेचा काटा आणि जोडीदार पाहते. सवय लागेपर्यंत हे मुद्दाम करावे लागते. वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, तेव्हा कॅमेरा बंद.

कॅमेऱ्याआधी तरंगणे शिका. हात न हलवता, प्रवाळाला न टेकता, एका जागी स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा खोलीवरच ठेवा. पायातल्या फिनचा एक फटका तळाची वाळू उडवतो, मग फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस दिसतो. तोच फटका प्रवाळाची फांदीही मोडतो. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तरी एका सहलीत गाइडने धातूच्या काडीने गोगलगाय उचलून चांगल्या पार्श्वभूमीवर आणून ठेवलेली मी पाहिली. त्या जिवाचे बहुतेक सगळे आयुष्य तो खात असलेल्या स्पंजावर किंवा हायड्रॉइडवर जाते. डोक्यावरची दोन शिंगे म्हणजे त्याचे वास घेण्याचे अवयव. कवच त्याने टाकलेले आहे. काही जातींनी बचावासाठी भक्ष्याच्याच दंशपेशी आपल्या अंगात साठवलेल्या असतात. त्याला अन्नापासून उचलून दुसरीकडे ठेवणे म्हणजे उपाशी सोडणे. असा गाइड भेटला तर पाण्यातच हाताने ‘नको’ म्हणा आणि वर आल्यावर तोंडाने सांगा. त्याला बक्षिसी मिळते ती फोटोसाठी, त्यामुळे आपण नको म्हटल्याचा परिणाम होतो.

उपकरण साधे पुरते. ऑलिम्पसच्या टीजी मालिकेतला छोटा कॅमेरा मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगाजवळच्या वस्तूवर नेमका फोकस करतो. टीजी-6 स्वतः 15 मीटरपर्यंत पाणी सोसतो, त्याच्या जलरोधक कवचात (हाउसिंगमध्ये) घातला की 45 मीटरपर्यंत. पण 15 मीटर लिहिले आहे म्हणून डाइव्हला तो उघडा नेऊ नका. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून प्रकाश आपला न्यावा लागतो. तो समोरून न टाकता बाजूने टाका. कवचाची रबरी ओ-रिंग ही खरी नाजूक जागा. एक केस, वाळूचा एक कण अडकला की कॅमेरा गेला. घाईत, बोटीवर, ओल्या हातांनी कवच उघडू नये. आदल्या रात्री खोलीत, पंख्याखाली, टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरून ते काम करावे, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पहिल्या डाइव्हला रिकामे कवच खाली नेऊन आणावे. वर आल्यावर गोड्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवावे, नाहीतर बटणांत मीठ धरते. बॅटऱ्या विमानात हातसामानातच.

इतके सगळे वाचून ज्यांना समुद्रात उतरणे झेपणार नाही असे वाटते, त्यांच्यासाठी माझा सगळ्यात मनापासूनचा सल्ला वेगळा आहे. कोकणात जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हिवाळ्यात, उधाणाच्या ओहोटीला मालवण-रत्नागिरीकडचे खडक उघडे पडतात आणि त्यांतल्या डबक्यांत समुद्री गोगलगायी, त्यांच्या अंड्यांच्या गुंडाळलेल्या फिती, समुद्रफुले गुडघाभर पाण्यात पाहायला मिळतात. तोच छोटा कॅमेरा, तोच बाजूचा प्रकाश, तीच स्थिर हाताची सवय. शेवाळावर पाय घसरतो, तेव्हा पकड असलेले बूट घाला, दगड उलटलात तर पुन्हा तसाच ठेवा, भरती सुरू व्हायच्या आत किनाऱ्याला या. दीपक आपटे यांचे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) काढलेले भारतीय शंख-शिंपल्यांवरचे पुस्तक मी चाळून गेले होते, त्याचा उपयोग झाला. पुढे डायव्हिंग शिकावेसे वाटले तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे; अंदमानला जाऊन दोन दिवसांत उरकण्यापेक्षा तिथे निवांत शिकावे.

आणि अंदमानला निघालातच, तर सहल कंपनीचा कागद हातात आल्यावर आधी शेवटचे पान पाहा. निघायच्या दिवशी डाइव्ह छापलेली असेल तर ती खोडायला सांगा. कंपनी ऐकत नसेल तर आगाऊ रक्कम भरू नका, दुसरी कंपनी शोधा. परतल्यावर दोन दिवसांत सांधा दुखला, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा विनाकारण गळून गेल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही समुद्रात डाइव्ह करून विमानाने आला आहात.