आकडा वाचा, मग पाऊल टाका

मंडळी, आपल्या सातारा-सांगलीकडची माणसं मुंबईला नेहमी जातात. कुणाचा लेक तिथं कामाला असतो. कुणाला मोठ्या दवाखान्यात जायचं असतं. गाडीत बसेपर्यंत धीर असतो. मुंबईचा फलाट आला की छाती धडधडते. एवढी माणसं! मग गर्दी जाईल तिकडे आपण जातो. तिथंच घोटाळा होतो. गर्दीला आपली वाट ठाऊक नसते.

आता आपण अक्षरे शिकलो, आकडे शिकलो. आज ते कामाला लावू.

पहिला आकडा गाडीचा. कोयना एक्सप्रेस घ्या. कोल्हापूरहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत ती मुंबईला जाते. तेव्हा तिचा नंबर ११०३०. मुंबईहून परत येते तेव्हा ११०२९. नाव एकच, पण एक तिकडे जाते आणि एक इकडे येते. मिरजेला तर पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी बाजूंच्या गाड्या. म्हणून नुसते नाव विचारू नका, नंबरही पाहा. रिझर्वेशनच्या तिकिटावर तो छापलेला असतो. स्टेशनातल्या पाटीवरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. पाटीवरचे आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात. ते घरीच गिरवून ठेवावेत.

दुसरा आकडा फलाटाचा. दादरला दोन रेल्वे शेजारी शेजारी आहेत, पश्चिम आणि मध्य. पूर्वी दोन्हीकडे फलाट एकपासून मोजत. 'एक नंबरला जा' म्हटलं, तर कोणत्या एक नंबरला? नवखा माणूस चुकायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून ही मोजणी सलग केली. पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. आपल्याकडच्या गाड्या मध्य रेल्वेच्या बाजूला येतात. कुणी सवयीने जुना नंबर सांगितला, तर पाटी वाचून खात्री करावी.

शेवटचे स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. कुणी त्याला सीएसएमटी म्हणतात, कुणी व्हीटी. जुनी माणसं बोरीबंदर म्हणतात. नावं अनेक, स्टेशन एकच. तिथं १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, पुढचे लांबच्या गाड्यांचे.

आता जिन्याची गोष्ट. २९ सप्टेंबर २०१७ चा दिवस. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. तिथल्या पुलावर सकाळी पावसामुळे माणसं थांबून राहिली. मागून लोंढा येतच होता. चेंगराचेंगरी झाली. २३ माणसांचे प्राण गेले. गाडीखाली कोणी आलं नव्हतं. जिन्यावर, पुलावरच जीव गेले.

म्हणून जिन्यावर थांबू नये. गाठोडं सावरायचं असेल, फोन बघायचा असेल, तर खाली उतरून बाजूला उभं राहावं. जिना गच्च भरला असेल, तर गर्दी ओसरू द्यावी. चालत्या गाडीत चढू नये. गाडी चुकली तर दुसरी मिळते. गेलेला जीव मिळत नाही.

पोरांचा हात सोडू नये. त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवावी. तीवर नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहावा. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, ते आधीच ठरवावं. मोबाईलवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो बंद पडला तरी खिशातला कागद बोलतो. रेल्वेची मदत हवी असेल, तर १३९ या नंबरावर फोन करावा.

विचारण्यात कमीपणा नाही. पण विचारून झाल्यावर पाटी आपल्या डोळ्यांनी वाचावी. शिकलो ते त्यासाठीच.

सराव : एका कागदावर आपले नाव, आपले गाव, जवळचे स्टेशन आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहा. खाली १३९ हा आकडा लिहा. कागद घडी करून पिशवीत ठेवा.