ज्यांनी आपल्याला प्रभूपाशी नेले



लहानपणी आमच्या गावी दर शनिवारी एक कॅटेकिस्ट मास्तर सायकलवरून येत. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही मुले शेतातून उशिरा परतत असू, तरी ते चर्चच्या ओसरीवर आमची वाट पाहत बसत. गुरुदीक्षा झाल्यावर त्यांना भेटून आभार मानायचे, असे मी ठरवले होते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चार वर्षे गेली आणि एके दिवशी त्यांच्या निधनाचा निरोप आला. जे शब्द त्यांच्या कानी पडायला हवे होते, ते मी त्यांच्या शवपेटीपुढे बोललो. ही खंत अजून मनात आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मार्गदर्शक काय करतो?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घरी अवश्य वाचा. रात्री बाळ शमुवेलाला हाक ऐकू येते. तो तीनदा धावत एली याजकाकडे जातो. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की हाक मारणारा परमेश्वर आहे. तेव्हा तो मुलाला स्वतःजवळ ठेवून घेत नाही. देवाला उत्तर कसे द्यावे ते शिकवून परत पाठवतो. एली निर्दोष नव्हता. शमुवेलाला मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरीही त्याने तो ऐकून घेतला आणि मान्य केला. खऱ्या मार्गदर्शकाची ओळख इथे पटते: तो आपल्याला स्वतःशी बांधून ठेवत नाही, देवाकडे पाठवतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य औषध देतो, पण शरीर आपल्याच अंगच्या शक्तीने बरे होते. तसेच श्रद्धेचे आहे. कृपा देवाची असते. गुरू फक्त हात देतो.

नागपूरच्या गाडीतील प्रवासी

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. नव्या कराराची एक प्रत हाती दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना माहीत नव्हते.

पुढची वाट सोपी नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ताला स्वीकारले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते, पण १९१९ साली ते प्रभूघरी गेले आणि काव्य अपुरे राहिले. कुठल्याही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट पंथाचे होते. पण त्यांच्यापासून शिकण्यासारखे हे आहे की ज्याचे नाव माहीत नाही त्याचेही ऋण फेडता येते. मिळालेला दिवा पुढच्याच्या हाती द्यावा, हीच ती फेड.

आपण काय करावे?

आपल्यापैकी कोणाला आजीने क्रुसाची खूण शिकवली असेल, कोणाला एखाद्या धर्मभगिनीने संकटात धीर दिला असेल, तर कोणाला शेजाऱ्याने पहिल्यांदा मिस्साला आणले असेल. या आठवड्यात तीन गोष्टी करू या.

१. अशा एका व्यक्तीला भेटा किंवा फोन करा. तिने आपल्यासाठी नेमके काय केले, ते सांगून आभार माना.
२. ती व्यक्ती हयात नसेल, तर पुढच्या मिस्सात तिचे नाव घेऊन प्रार्थना करा.
३. आपल्या घरातले कोणते मूल आपली वाट पाहत आहे, याचा विचार करा आणि त्याच्यासाठी रोज थोडा वेळ काढा.

एवढेच सांगतो, पहिली गोष्ट उद्यावर टाकू नका. मी टाकली होती.

प्रार्थना: हे प्रभो, ज्यांनी आमचा हात धरून आम्हाला तुझ्याकडे आणले, त्या सर्वांना आशीर्वाद दे. जे तुझ्याकडे आले आहेत, त्यांना चिरशांती दे. आणि आम्हालाही कोणाची तरी वाट पाहत ओसरीवर बसण्याचा धीर दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू, पांढरकवडा